ठेव म्हटलं की ठेवायचं

४ फेब्रुवारी

माझ्या आयुष्याचे आज दोन तुकडे पडले. टोपीवालीनं माझ्या डोक्याभोवती टेप गुंडाळली त्याच्या आधीचा एक, आणि नंतरचा एक.

टेप कपाळावरून मागे गेली, तिनं कानाच्या वर बोट टेकवलं आणि म्हणाली, "सत्तावन्न. मोठं आहे हो डोकं."

बाजूला लांब्या उभा होता. म्हणाला, "मोठं आहे, पण रिकामं आहे. भाडेकरू मिळत नाही."

ती हसली. हसली लांब्याच्या बोलण्यावर, हे मान्य. पण हसताना बघत माझ्याकडे होती.

आता नीट लिहितो, नाहीतर पुढे मलाच कळायचं नाही. कॉलेज सोडल्यापासून मी मामाच्या काचेच्या दुकानात आहे, दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. लांब्या हा मामाचा जुना माणूस. माझ्याहून वयानं थोडा मोठा आणि उंचीनं फार मोठा. मला नावानं हाक मारत नाही, 'कॉलेज' म्हणतो. "कॉलेज, पाणी आण." "कॉलेज, ती कड धरू नको, बोट जाईल." मोठ्या काचा आम्ही दोघं वाहतो. तो उलटा चालतो, मी सरळ. म्हणजे त्याला पुढचं काही दिसत नाही, मला दिसतं.

आज मेंदूच्या प्रयोगशाळेत दोन खोल्यांमधल्या भिंतीत काच बसवायची होती. एका बाजूनं आरसा, दुसऱ्या बाजूनं आरपार. जिना अरुंद आणि त्याला एक भयंकर वळण. आम्ही काच चढवली, वळवली, वर आणली. वरच्या पायरीवर ही बाई. दोन्ही हातांत पोहण्याच्या असतात तशा काळ्या टोप्या, त्यांतून वायरी लोंबताहेत. बघतच राहिली होती.

"तुम्ही एक शब्द न बोलता वळलात. कसं जमतं?"

मी काहीतरी भारी बोलणार होतो. तेवढ्यात लांब्या म्हणाला, "बोललं की हात ढिला पडतो."

तिचं काम असं आहे: दोन माणसं मिळून काही करतात तेव्हा दोघांच्या डोक्यात काय होतं, आणि एकमेकांच्या विरुद्ध करतात तेव्हा काय होतं, हे एकाच वेळी दोघांच्या डोक्यांत डोकावून बघायचं. त्यासाठी तिला जोड्या हव्यात. भावंडं, नवरा-बायको, एकत्र काम करणारे. येता का म्हणून विचारलं. लांब्या 'नाही'साठी तोंड उघडत होता, मी दोघांच्या वतीनं हो म्हणून टाकलं.

सत्तावन्न. तिला हा आकडा आता कायमचा लक्षात राहणार.

७ फेब्रुवारी

मामाची बोलणी खाल्ली.

भर रस्त्यात, काच हातात असताना लांब्या म्हणाला, "ठेव." मी ठेवली. पण ठेवता ठेवता विचारलं, "का?"

"शिंक येत होती."

"मग?"

"गेली परत."

मला हसू आलं, मामाला नाही. दुकानाच्या दारातून ओरडला, "अरे, तुला किती वेळा सांगायचं? ठेव म्हटलं की ठेवायचं! का नाही, कशाला नाही, बघू नाही!"

दुकानात नियम हा एकच. दोघांपैकी कुणीही, कधीही 'ठेव' म्हटलं की दोघांनी काच तिथंच खाली टेकवायची. चिखल असो, कुणाचा पाय आडवा असो. कारण विचारायचं नाही, आणि कारण फालतू निघालं तरी रागवायचं नाही. संध्याकाळी मामा शांत झाल्यावर मी वाद घातलाच. म्हटलं, विचारलं तर बिघडलं काय?

"आज विचारलंस," मामा म्हणाला, "की उद्या तो म्हणायच्या आधी कारण शोधेल. हे सांगण्यासारखं आहे का, हा हसेल का. तो शोधत बसला तोवर काच गेली."

पटलं. मामाला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

पहिली बैठक. काल रात्रीच दाढी करून ठेवली होती, सकाळी पुन्हा केली.

मी आणि लांब्या शेजारी शेजारी, मधे लाकडी आडपडदा. डोक्यावर टोप्या. टोपीला आतून बारीक लाल दिवे असतात. तो उजेड कवटीतून आत शिरतो आणि थोडा परत येतो. किती परत आला त्यावरून मेंदूच्या वरच्या थरात रक्त कुठं जास्त पोचतंय ते कळतं. दुखत नाही. दिवा नीट बसावा म्हणून तिनं माझे केस बारीक काडीनं एकेक करून बाजूला केले. मी श्वास घ्यायचं विसरलो. यंत्रवाला आतून ओरडला, "दुसऱ्या नंबरचं रक्त काय उड्या मारतंय!" दुसरा नंबर म्हणजे मी.

हा यंत्रवाला म्हणजे एक गोल चेहऱ्याचा, चप्पल घासत चालणारा माणूस. काचेपलीकडे यंत्राजवळ बसतो. बिचाऱ्याला तिनं अगदी गडी करून टाकलंय. ती न बघता हात मागे करते, तो हातात टेप ठेवतो. ती "ते हे" म्हणते, तो उठून पंखा कमी करतो. मला असं कुणी वागवलं तर मी एक दिवस टिकणार नाही. तिच्यासाठी मात्र टिकेन.

खेळ सोपा. पडद्यावर एक फळी, तिच्यावर चेंडू. फळीचं एक टोक माझ्या हातांतल्या दोन दांड्यांवर हलतं, दुसरं लांब्याच्या. सोबतच्या खेळात चेंडू मधोमध ठेवायचा. विरुद्धच्या खेळात तो दुसऱ्याच्या टोकावरून खाली पाडायचा. फळी तीच, चेंडू तोच, हातही तेच.

सोबतच्या खेळात आम्ही चेंडू असा धरला की ती म्हणाली, "अहो, जरा हलवा तरी!" विरुद्धच्या खेळात लांब्यानं मला धुऊन काढलं. आणि वर गुणगुणत होता.

१३ फेब्रुवारी

आईचा फोन. "काच वाहण्यासाठी तुला शिकवला का?" मग मामाला फोन, मग पुन्हा मला.

"आई, मी काय चुकीचं केलं होतं?"

"चूक-बरोबर नाही विचारत मी. चौघांचा पूल होता ना तो?"

होता. चौघांनी बांधला होता, काड्यांचा, सगळ्या वर्गात भारी. आमच्यातला एकजण सरांसमोर एकटाच जाऊन मी-मी-मी करून आला. मी काय केलं? पूल उचलला, दुसऱ्या मजल्यावरून खाली टाकला आणि कॉलेज सोडलं. मी बरोबरच होतो. फक्त पूल खाली पडला तेवढं चुकलं.

"तुला कुणाशी जुळवून घेता येत नाही," आई म्हणाली. "लहानपणी पत्त्यांचा डाव उधळायचास, तोच तू."

लांब्याला सांगितलं तर म्हणाला, "मग बाकीच्या दोघांचं काय झालं रे? त्यांचापण पूल होता ना."

त्यांचा मी विचारच केला नव्हता. पण लांब्याला काय करायच्यात चौकशा.

१६ फेब्रुवारी

ती मला "अरे" म्हणाली! आठवडाभर "तुम्ही-तुम्ही" चाललं होतं, आज एकदम, "अरे, मान नको हलवूस." लांब्याला अजून "तुम्ही"च आहे. जे समजायचं ते समजलो.

आणि विरुद्धच्या खेळात आज मी जिंकलो. सगळे नाही, पण पुष्कळ. गुपित असं: लांब्या दांडी दाबायच्या आधी नाकातून हलकेच श्वास सोडतो. काच उचलतानाही सोडतो, म्हणून मला माहीत. आडपडद्याआडून तेवढं ऐकू येतं. तो श्वास आला की मी आधीच दुसरीकडे झुकायचो.

बैठकीनंतर ती म्हणाली, "तुम्हा दोघांच्या रेषा बघायला फार मजा येते. रोज वाट बघत असते मी."

'दोघांच्या' हे ती सभ्यपणानं म्हणाली असणार.

परत येताना टेम्पोत लांब्या म्हणाला, "श्वास ऐकतोस ना माझा?" मी चपापलो. तो हसायला लागला. "ऐक, ऐक. मी पुढच्या वेळी खोटा सोडीन." त्याला राग येत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

१९ फेब्रुवारी

जिंकलो!

आज तिनं सांगितलं, "आज बोललात तरी चालेल. काहीही बोला." लांब्या लगेच सुरू. प्रत्येक खेळीला, "अरेरे, कॉलेज नापास," "फेरपरीक्षा," असं. ती हसत होती. यंत्रवालाही आत हसत होता. माझ्या कानशिलांत जाळ. चेंडू सारखा माझ्याच बाजूनं पडत होता, कारण मेला खरंच खोटे श्वास सोडत होता.

शेवटचा डाव. ती येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. माझ्या! चेंडू माझ्या टोकाशी आला, पडणार, पडणार. आणि मला एकदम सुचलं. ओरडलो नाही. जिन्यावर म्हणतो तसंच म्हणालो.

"ठेव."

पलीकडून दांड्या सुटल्याचा आवाज आला. दोन्ही हात सोडले होते त्यानं. चेंडू गडगडत गेला तो थेट त्याच्या बाजूनं खाली. मी उडी मारली, वायरी ताणल्या, यंत्रवाला काच बडवत ओरडला, "बस, बस खाली!"

ती म्हणाली, "काय म्हणालास तू त्यांना?"

"आमच्या कामातला शब्द आहे."

ती विचारात पडली. असं डोकं तिनं आजवर मोजलं नसेल.

त्यानंतर सोबतचा एक खेळ होता. तो कसातरीच झाला, चेंडू चार वेळा पडला. मी आनंदात होतो, त्यामुळे असेल. मग लांब्यानं स्वतःच टोपी काढली. खरं म्हणजे स्वतः काढायची नसते. यंत्रवाल्याच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "चल. टेम्पो आडवा लावलाय."

२० फेब्रुवारी

लांब्या बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण कामापुरतं. आज एकदाही 'कॉलेज' म्हणाला नाही. हरलेला माणूस असा वागतो, मी समजून घेतलं.

२४ फेब्रुवारी

दवाखान्यातून आत्ताच आलो. अक्षर बघा.

चष्म्याच्या दुकानात समोरची काच बसवायची होती. लांब्या उलटा, मी सरळ. दुकानाचं दार बाहेर, रस्त्याकडे उघडतं. आतून एक गिऱ्हाईक दार ढकलत बाहेर येताना मला दिसलं. दाराची मूठ बरोबर काचेच्या कोपऱ्यावर येणार होती. मी म्हणालो, "ठेव."

लांब्यानं ठेवली नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

एवढे दिवस आम्ही काचा वाहतोय, काच हातात असताना त्यानं कधी माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मूठ कोपऱ्यावर बसली, काच उभी चिरली आणि वरचा तुकडा त्याच्या हातावर आला. कोपरापासून खाली.

दवाखान्यात टाके घातले. नस वाचली. मामा धावत आला. पहिला प्रश्न मला.

"ठेव म्हणाला होतास का?"

"हो."

मामा लांब्याकडे वळला. लांब्या छताकडे बघत म्हणाला, "मला ऐकू आलं नाही. रस्त्यावर गोंगाट होता."

गोंगाट अजिबात नव्हता. मामा औषधं आणायला गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"ऐकू आलं रे. हात निघालेपण होते. मग डोकं मधे आलं. म्हणालं, थांब, हा जिंकायला तर बघत नाहीये?"

मी भडकलो. हो, टाके घातलेल्या माणसावर भडकलो. "रस्त्यात काय जिंकायचं होतं मला?"

"तेच म्हणतोय," लांब्या म्हणाला. "तिथंपण काय होतं?"

२५ फेब्रुवारी

मामाला काही सांगितलेलं नाही. त्यानंही नाही. म्हणजे मी दोनदा वाचलो, एकदा खेळात, एकदा मामापासून, आणि दोन्ही वेळा त्याच्याच जिवावर.

२८ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत गेलो. खरं लिहायचं तर दोन कारणं होती. तिला विचारायचं होतं की त्या दिवशी लांब्याच्या डोक्यात काय झालं. आणि ती भेटेल. दुसरं कारण मोठं होतं, निघालो तेव्हा.

तिला सगळं सांगितलं. नियम, दार, टाके. ती मधे एकदाही हसली नाही. मग त्या दिवसाच्या रेषा पडद्यावर लावल्या. लाल लांब्याची, निळी माझी.

"'ठेव' म्हटलं ती जागा दाखवा."

"ती नाही दिसायची," ती म्हणाली. "रक्त उशिरा पोचतं. तू बोललास, त्यांनी हात सोडले, चेंडू पडला, तू उडी मारलीस. एवढं सगळं झाल्यावर मग कुठं रक्त निघालं. या यंत्राला तेवढं बारीक दिसत नाही."

मग तिनं पेन्सिलीनं आधीचा भाग दाखवला. "मला वाटायचं, सोबत खेळताना रेषा जुळतील आणि विरुद्ध खेळताना फुटतील. तुमच्या दोन्ही वेळा जुळताहेत. हे बघ, हा विरुद्धचा खेळ. ते वर की तू वर. हरवायचं झालं तरी समोरच्याला आधी आपल्या डोक्यात बसवावं लागतं ना. आता यापुढचं बघ."

यापुढे निळी रेषा आपली वर-खाली, लाल रेषा निराळीच. दोन अनोळखी माणसं एकाच थांब्यावर उभी असावीत तशा.

"हा तर सोबतचा खेळ आहे," मी म्हणालो.

"हो. खेळत होते ते. पण तुझ्याशी नाही, पडद्याशी." मग लगेच म्हणाली, "हे मी कुठं छापणार नाही हं. एका जोडीवरून काही ठरत नाही. कदाचित दमले असतील."

दमला नव्हता. त्या संध्याकाळी त्यानं एकट्यानं सगळा टेम्पो रिकामा केला होता.

मी त्या लाल रेषेवर बोट ठेवलं. आणि त्याच वेळी तिनं न बघता हात मागे केला, यंत्रवाल्यानं तिचा चष्मा तिच्या हातात ठेवला, आणि जाता जाता तिच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

मी बघत राहिलो. ती म्हणाली, "काय झालं?"

"हे... तुमचे..."

"नवरा आहे माझा! चार वर्षं झाली. तुला माहीत नव्हतं? टोप्या सगळ्यात आधी आमच्याच डोक्यांवर चढवल्या. विरुद्धच्या खेळात मेल्यानं मला एकदाही जिंकू दिलं नाही."

"रडीचा डाव खेळते ती," यंत्रवाला आतून म्हणाला.

"तुझ्यासारखाच आमचा धाकटा," ती मला म्हणाली. "माझा भाऊ. अगदी असाच, नाकावर राग."

जिना कसा उतरलो आठवत नाही. वळणावर भिंतीला डोकं आपटलं. सत्तावन्न.

१ मार्च

काही नाही. काचांच्या कडा घासल्या.

३ मार्च

अजून जेवण जात नाही. पण एक विचित्र गोष्ट लिहितो. डोळे मिटले की तिचा चेहरा यायला हवा ना? तो येतो, नाही असं नाही. पण जास्त वेळा लांब्या माझ्या तोंडाकडे बघतोय तेच येतं. प्रेमभंगात असं होतं की काय, कुणाला विचारू? लांब्यालाच विचारलं असतं.

९ मार्च

लांब्या कामावर आला. टाके निघालेत, हातावर लालसर रेघ.

मी मामाला त्याच्यासमोर सगळं सांगितलं. खेळ, ती, तो शब्द. मामा बराच वेळ हिरकणी बोटांत फिरवत बसला. काच कापायची ती हिरकणी, मला वाटलं फेकून मारतो. मारली नाही. म्हणाला, "हा तुझ्याबरोबर काच उचलेल की नाही ते मी सांगणार नाही. तो सांगेल."

लांब्या म्हणाला, "सध्या मामांबरोबर उचलतो."

झालं. मामाचा गुडघा दुखतो, वय झालंय, तरी दुपारी तो आणि लांब्या मोठा आरसा घेऊन गेले. लांब्या मामापुढे उलटा चालत होता, अगदी निवांत, मागे पाहत नव्हता. मी कडा घासायच्या पट्ट्यापाशी उभा राहून बघत होतो. यंत्रवाला तो चहा प्यायला तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं. याला काय म्हणतात कोण जाणे.

१२ मार्च

मामा आज जिन्यावर गुडघा धरून खाली बसला. पट्टा बांधलाय.

लांब्या मागच्या अंगणात हात धूत होता. मी जाऊन उभा राहिलो.

"उलटा मी चालतो," म्हटलं. "तू सरळ चाल."

"तुला येत नाही उलटं चालायला."

"शिकेन."

"पडशील."

"मग ठेव म्हण."

तो हात पुसत राहिला. आधीच कोरडे होते. शेवटी म्हणाला, "उद्या भंगारातली काच घेऊ."

१३ मार्च

हे सगळं लिहून ठेवायलाच हवं.

कोपरा उडालेली एक जुनी जाड काच लांब्यानं भंगारातून काढली. दुकानापासून गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी उलटा. पहिल्यांदाच. पाठीमागे जग आहे की नाही काही कळत नाही. दिसतो फक्त लांब्या, काचेपलीकडचा, आणि त्याच्या अंगावरून सरकणारी गल्ली.

दुकानाच्या फाटकातच म्हणाला, "ठेव." ठेवली. काही नव्हतं. त्यानं नाक खाजवलं. "उचल."

दहा पावलं गेलो. "ठेव." डबक्यात ठेवली, हातमोजे भिजले. त्यानं वर आकाशाकडे बघितलं. "उचल."

न्हाव्याच्या दुकानासमोर, "ठेव." आत दाढीला बसलेले दोघे साबण लावलेल्या तोंडांनी बाहेर आले. न्हावी म्हणाला, "काय रे, नवरदेव दमला का?" लांब्या म्हणाला, "उचल." पाच पावलं. "ठेव." न्हावी हसून हसून वाकला.

मला कळत होतं तो काय करतोय. कळत होतं म्हणून जास्त तापत होतो. कानशिलं, मान, सगळं. घशाशी 'का' येऊन बसला होता, तो गिळत होतो.

मग रस्त्याच्या ऐन मधोमध. "ठेव."

मागून गाडीचा भोंगा. गाडीवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "ए शहाण्यांनो, घर आहे का तुमचं?" मग माझ्या आईवरून काहीतरी. एरवी मी काच-बिच बघितली नसती, त्याची गचांडी धरली असती. काच खाली टेकलेली, हात तिच्यावर, आणि समोर लांब्या. गाडीवाल्याकडे बघत नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता.

मी हात हलवले नाहीत. भोंगा वाजत राहिला.

"उचल," लांब्या म्हणाला. आवाज जरा निराळा होता.

परत येताना तो एकदाही ठेव म्हणाला नाही. ते जास्त कठीण होतं. आता म्हणेल, आता म्हणेल. न्हावी गेला, डबकं गेलं. दुकान जवळ आलं असावं, आणि माझ्या टाचेला काहीतरी लागलं. पायरी? गटाराची कड? माणूस? घाम फुटला आणि तोंडातून निघून गेलं, "ठेव!"

शब्द पुरा व्हायच्या आत काच जमिनीवर होती. त्याचं टोक माझ्या टोकाआधी टेकलं.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

मी वळून पाहिलं. काही नव्हतं. चप्पल होती एक, कुणाचीतरी, उलटी पडलेली. लांब्यानंही ती बघितली. नक्कीच बघितली. पण दोन्ही हात कमरेवर ठेवून आपला उभा.

मी म्हणालो, "उचल."

काच घोडीवर, म्हणजे काचा ठेवायच्या लाकडी चौकटीवर, नीट टेकवली आणि दोरीनं बांधली. मग तो हातमोजे काढत म्हणाला, "बेकार चालतोस उलटं. बदकासारखं." आणि थोड्या वेळानं, "कॉलेज, पाणी आण."

मी पाणी आणायला गेलो आणि नळाशी जरा जास्तच वेळ थांबलो.

१५ मार्च

चष्म्याच्या दुकानाची काच बसवली. मी उलटा. मालक दार धरून उभा होता, घाबरलेला. एकदाही 'ठेव' लागलं नाही.

१७ मार्च, रविवार

दुकान बंद. वरच्या खोलीत पडलो होतो. म्हटलं, आईला पत्रासारखं काहीतरी लिहावं, तर खालून हाक.

"कॉलेज!"

खिडकीतून डोकं काढलं. "काय आहे? आज सुट्टी आहे."

"टोपीवालीचा फोन आला होता मामांना. आपली एक बैठक राहिलीय म्हणे. येता का विचारत होती."

"तू म्हणाला होतास ना, आता नाही जाणार?"

"म्हणालो होतो." इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं. "तू येतोस का सांग. तिचा नवरा असेल तिथं. रडणार असशील तर नको."

म्हणजे त्याला माहीत होतं! "तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. तू सोडून सगळ्यांना कळलं होतं. भिंतीतल्या काचेलापण."

मी काहीतरी फेकायला शोधत होतो. उशी सापडली, ती फेकली. त्यानं झेलली आणि बगलेत धरून उभा राहिला.

"कुठला खेळ आहे?" मी विचारलं. "सोबतचा की विरुद्धचा?"

"दोन्ही. बोलायला परवानगी आहे." मग जरा थांबून, "एक शब्द सोडून."

"तो मी परत म्हणेन असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. म्हणून तर जातोय. पण बाकी काही ठेवणार नाही मी तुझं, सांगून ठेवतो. सगळे श्वास खोटे सोडणार."

"सोड. मी आता श्वास ऐकतच नाही."

"मग काय ऐकतोस?"

ते सांगितलं नाही. विरुद्धच्या खेळात सगळं सांगायचं नसतं.

एवढं लिहीपर्यंत खालून आणखी दोन हाका आल्या, दुसरीत शिवी आहे. आज त्याला हरवायचंय. रीतसर, माझ्या माझ्या हातांनी. तो जिंकला तर येताना टेम्पोभर ऐकावं लागेल, तेही ऐकीन. टोपीवालीसमोर जरा ओशाळेन, चालेल. शर्ट बदलला, दाढी केली नाही. आता उठतो, आणि दार ओढून घेतो.